काचेची विहीर

५ नोव्हेंबर २०२४, तुंगार्ली, लोणावळा

दिवाळीचे पाहुणे काल गेले. घर पुन्हा माझं एकटीचं झालं.

सकाळी प्रदीपचा फोन. प्रदीप म्हणजे विज्ञानघराचा, आमच्या विज्ञान संग्रहालयाचा, आताचा संचालक. मी निवृत्त झाले तेव्हा तो कॉलेजात होता. त्याच्याही आधी, रेल्वे क्वार्टर्समधला तिसरीतला मुलगा म्हणून तो शाळेच्या रांगेतून आमच्याकडे आला होता. हे तो भेटेल त्याला सांगतो. या डिसेंबरात विज्ञानघराला तीस वर्षं होतील. जानेवारीपासून सहा महिने बंद ठेवून सगळं नव्यानं करणार आहेत. त्याआधी मी कॅमेऱ्यासमोर बसून आठवणी सांगायच्या.

"वीस मिनिटं, मॅडम. त्यापुढे लोक बघत नाहीत."

मी क्युरेटर होते वीस वर्षं. म्हणजे वर्षाला एक मिनिट. हसू आलं, पण हो म्हणाले. कोणी विचारत नाही आताशा.

म्हणून ही वही. सुचेल तसं लिहायचं, मग त्यातून निवडायचं.

८ नोव्हेंबर

आज सकाळभर बर्फाचा कारखानाच आठवत होता. बंद पडलेली ती शेड आम्हाला विज्ञानघरासाठी मिळाली नव्वद साली. भिंतींत लाकडी भुशाचे थर, आणि उन्हाळ्यातसुद्धा आत गेलं की पायाला गारवा. मी अडतीस वर्षांची होते, पुण्यातल्या कॉलेजातली पक्की नोकरी सोडून आलेली. आई सहा महिने माझ्याशी बोलली नव्हती.

आम्ही तिघं. बापट सर, ज्यांच्या डोक्यातून हे सगळं निघालं. मी. आणि जानूभाऊ, खंडाळ्याचे, रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर. सर कागदावर काढायचे, मी त्यात चुका काढायचे, आणि जानूभाऊ दोघांचं ऐकून घेऊन तिसरंच काहीतरी बनवायचे. ते चालायचं. आरशांच्या खोलीसाठी बाजारातल्या मोडीत निघालेल्या सलूनचे आरसे आणले होते. एकावर तेलाचा डाग होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. मुलं त्यातच पहिल्यांदा बघायची.

दुपारी चहा व्हायचा. जानूभाऊ बशीत ओतून प्यायचे आणि म्हणायचे, "बाई, पोरं हे मोडणार बघा." सर म्हणायचे, "मोडलं तर समजायचं आवडलं."

सर जाऊन अकरा वर्षं झाली, जानूभाऊ त्यांच्याही आधी गेले. हे दोघं ज्याला माहीत आहेत असं माणूस मी एकटीच उरले की काय?

९ नोव्हेंबर

कालचं वाचलं. कॅमेऱ्यासमोर यातलं काय सांगणार? तेलाचा डाग?

१२ नोव्हेंबर

चिमाबाईंची गोष्ट सांगायची, हे मात्र पहिल्यापासून नक्की आहे. ती इतकी वेळा सांगितली आहे की लिहायची गरज नाही, तरी लिहिते.

सरांचा हट्ट होता की संग्रहालयात काय ठेवायचं ते आपण ठरवायचं नाही, लोकांना विचारायचं. दोन वर्षं आम्ही जीप घेऊन मावळातली गावं हिंडलो. देवळापुढे बसायचं, दुर्बिणीतून चंद्र दाखवायचा, आणि मग विचारायचं, तुम्हाला कशाचं कोडं पडतं? मुलांना विमानाचं पडायचं. एका बाईनं विचारलं, दूध उतू जातं तसं पाणी का जात नाही? त्यावर आम्ही एक आख्खा कोपरा उभा केला.

पवनेकडच्या एका वाडीत मागे एक म्हातारी उभी होती, पदर तोंडाशी धरून. सगळे पांगल्यावर जवळ आली. म्हणाली, "मानूस हिरीत उतरला आन् तितंच बसला. वर आलाच न्हाई. त्याला कोन वढतं?"

तिचा नवरा होता तो, धोंडिबा. एकोणऐंशीच्या वैशाखात जुनी झाकलेली विहीर गाळ काढायला उघडली, हा उतरला आणि तळाशी झोपल्यासारखा बसला तो गेलाच. पाण्यातल्या आसरांनी ओढून नेलं, असं सगळं गाव मानत होतं. तीही दरवर्षी विहिरीला हिरवा खण वाहायची.

मी तिला सांगितलं, उत्तर तोंडानं नाही देणार, दाखवीन.

जानूभाऊंनी पुरुषभर उंचीची काचेची विहीर केली. वर लहानसा रहाट. बाजारातल्या सोडावॉटरवाल्याकडून गॅसचं सिलिंडर आणून निम्मी विहीर त्या गॅसनं भरायची. डोळ्यांना काही दिसत नाही. मग रहाटावरून पेटता दिवा खाली सोडायचा. निम्म्यावर आला की कोणी फुंकर न मारता दिवा विझतो, आणि धुराची रेघ तिथेच, अधांतरी, पाण्यावर तरंगावी तशी पसरते.

उद्घाटनाला मी मुद्दाम जीप पाठवून चिमाबाईंना आणवलं. शेजारचा फलक त्यांना वाचता येत नव्हता, म्हणून मी स्वतः मोठ्यानं वाचून दाखवला: बंद विहिरीत जड वायू साठतो, तो दिसत नाही, विहीर उघडल्यावर एक-दोन दिवस तशीच राहू द्यावी, आधी कंदील सोडून पाहावा, कंदील विझला तर उतरू नये. चिमाबाईंनी तीन वेळा दिवा सोडायला लावला. काचेला तळहात लावून उभ्या राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर ओसरीत भिंतीला टेकून बसल्या त्या संध्याकाळपर्यंत. जेवण नको, फोटो नको. सोडायला जीप काढली तर कुणाला न सांगता केव्हाच निघून गेल्या होत्या. इतकी भारावली होती बिचारी.

बंगळूरच्या परिषदेत हे सांगितलं तेव्हा लोक उभे राहिले होते. शेवटी मी म्हणायचे, एका दिव्यानं एका बाईच्या मनातलं भूत कायमचं उतरवलं. आम्ही संग्रहालय कशाला बांधलं, तर त्यासाठी.

१५ नोव्हेंबर

विज्ञानघरात जाऊन आले. प्रदीपनं काय राहणार, काय जाणार त्याची यादी दाखवली. मुलगा सरळ आहे, लपवाछपवी नाही. आरशांची खोली राहणार. काचेची विहीर जाणार. आता मुलांच्या गर्दीत गॅसचं सिलिंडर चालत नाही, काचेलाही तडा गेला आहे. त्या जागी पडदा येईल, त्यावर दिवा विझलेला दिसेल.

"पडद्यावर दिवा कसाही विझवता येतो, प्रदीप," मी म्हणाले.

"कळतं मला, मॅडम. पण काही झालं तर मी काय उत्तर देऊ?"

माझ्या वेळी कोणी विचारायचं नाही, एवढाच फरक.

मग त्यालाच सुचलं. "चिमाबाई आहेत का हो अजून? त्यांना तुमच्या शेजारी बसवलं विहिरीपाशी, तर किती छान होईल."

आहेत की नाहीत, मला माहीत नाही.

१६ नोव्हेंबर

तीस वर्षांत एकदाही तिकडे गेले नाही. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते. निवृत्त होऊनच चौदा वर्षं झाली.

२१ नोव्हेंबर

लोकलनं कामशेत, तिथून शेअर जीपनं पवनानगर. स्टँडवर चहावाल्याला चिमाबाईंबद्दल विचारलं. "कंदीलवाली चिमाबाई व्हय?" तो म्हणाला. मला वाटलं दुसरी कोणी असेल. तीच निघाली.

लेकीकडे राहतात, सविताकडे. धरणाच्या पाण्याकाठी त्यांचं शेत आहे, अर्ध्यात भात, अर्ध्यात शनिवार-रविवारच्या पर्यटकांचे तंबू. सविता त्यांचं जेवण करते. पन्नाशी ओलांडलेली, कामाला वाघ. तिनंच कंदिलाचं सांगितलं. आसपास कुठे जुनी विहीर उघडली असं कळलं की आई कंदील घेऊन जाते आणि काठावर बसते. कंदील खाली जाऊन जळत वर आल्याशिवाय कुणाला उतरू देत नाही. वीस-पंचवीस वर्षं चाललंय. "लोक हसत्यात. पर एकदा पलीकडच्या वाडीत इजला बगा कंदील. दोन गडी उतरायच्या बेतात व्हते. तवापास्नं हसायचे कमी झाले."

मी इतकी खूश झाले. म्हटलं, हे तर गोष्टीत घालायलाच हवं.

चिमाबाई खळ्यावर होत्या, सुपात भात पाखडत. मला पाहून डोळे बारीक केले. "काचंची हीर दावनाऱ्या बाई न्हवं का तुमी?"

शेजारी बसले. लेकीचं वय विचारलं, हिशेब केला. त्या बहात्तर वर्षांच्या आहेत. मीही बहात्तरची. म्हणजे त्या दिवशी देवळापुढच्या गर्दीमागे पदर तोंडाशी धरून उभी होती ती चाळिशीची बाई होती, माझ्याच वयाची, आणि मी तीस वर्षं तिला म्हातारी म्हणत आले.

रेकॉर्डिंगचं सांगितलं. विहीर काढणार आहेत हेही सांगितलं. त्या पाखडत राहिल्या. मी म्हणाले, "चिमाबाई, तुम्ही फक्त एवढंच सांगायचं, की दिवा बघितल्यावर तुम्हाला काय वाटलं."

सूप थांबलं. त्यांनी सविता कुठे आहे ते पाहिलं. ती लांब तंबूंपाशी पाणी भरत होती.

"त्यांनी आदल्या सांजंला हीर उघडली व्हती," त्या म्हणाल्या. "म्हनत व्हते, दोन दिस ऱ्हाऊ दे उघडी, हवा लागू दे. त्यांचा बा तसंच करायचा. पर परवाला माझ्या भावाचं लगीन व्हतं. मला माहेरी जायाचं व्हतं. मी म्हनलं, आजच उरका, मला तुमचं रोजचं ऐकायचं न्हाई. लय बोलले मी. ते काय बोलले न्हाईत. कासरा घेतला आन् गेले."

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"आसरांनी नेलं म्हनायचे समदे, तवर बरं व्हतं, बाई. मी खण घेऊन जायाची आन् काठावर उभी ऱ्हाऊन त्यास्नी शिव्या द्यायची. पोटभर. घरी येऊन भाकरी खायाची. तुमी दिवा दावला, मोठ्यांदी वाचून दावलं. आसरा गेल्या. मग हिरीत कोन ऱ्हायलं? मीच."

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"तुमी इचारलं कुटं?" रागानं नाही. सूप पुन्हा हलायला लागलं.

थोड्या वेळानं मीच विचारलं, "मी सांगायला नको होतं का?"

"खरं व्हतं ते. खरं व्हतं म्हनूनच तर." त्यांनी सुपातला कोंडा उडवला. "सवितीला ठाव न्हाई ह्ये. सांगू नका."

सवितानं बळेबळे जेवायला घातलं. नव्या तांदळाचा भात, त्याचा वास. मी नुसता चिवडत होते. ती म्हणाली, "बाई, गोड लागंना का?" खूप गोड होता.

२२ नोव्हेंबर

काही नाही लिहिणार.

२७ नोव्हेंबर

पाच दिवस तेच तेच डोक्यात. मी शिकवलं ते चूक नव्हतं. दोन गडी जिवंत आहेत कुठेतरी, त्यांना माझं नावही माहीत नाही आणि नसू दे. पण ती बाई ओसरीत संध्याकाळपर्यंत बसली होती आणि मी दर अर्ध्या तासानं तिच्या समोरून जात होते, पाहुण्यांना घेऊन. एकदा तर तिच्याकडे बोट दाखवून त्यांना सांगितलं, हिच्याच प्रश्नावरून ही विहीर बांधली. ती माझ्याकडे पाहत होती. ते पाहणं मी तीस वर्षं कृतज्ञता समजून जपलं.

बंगळूरला लोक उभे राहिले होते. ते आठवलं की आता कानशिलं तापतात.

प्रदीपचे दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत.

३ डिसेंबर

सविताचा फोन. नंबर मीच देऊन आले होते. "बाई, आई म्हनती ती हीर काढायच्या आदी एकदा बगायची हाय. मलाबी संगं चल म्हनती. मला कळंना हिला आत्ताच काय सुचलंय."

मी प्रदीपला फोन केला. त्याला वाटलं रेकॉर्डिंगसाठी. मी म्हटलं, कॅमेरा आणू नकोस. तो जरासा खट्टू झाला, पण आणणार नाही म्हणाला.

१० डिसेंबर

आज दोघी आल्या. सविता ठेवणीतली साडी नेसून, चिमाबाई काठी घेऊन. मंगळवार, दुपारची वेळ, आत फारसं कोणी नव्हतं. प्रदीपनं सोडावॉटरवाल्याच्या मुलाकडून सिलिंडर मागवून ठेवलं होतं. तड्यावर त्यानं स्वतः चिकटपट्टी लावली होती. हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

मी फलकाकडे वळलेही नाही. चिमाबाई म्हणाल्या, "सोडा दिवा." प्रदीपनं रहाट फिरवला. दिवा निम्म्यावर आला आणि विझला. धूर तसाच पसरला, इतक्या वर्षांनीही तसाच.

चिमाबाई काचेकडे पाहतच बोलल्या. "सविते, तुझा बा दोन दिस थांबतो म्हनत व्हता. मी थांबू दिला न्हाई. मला लग्नाला जायाचं व्हतं."

प्रदीप हळूच बाहेर गेला. मीही जायला हवं होतं. गेले नाही.

सवितानं विझलेल्या दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला ठाव हाय, आई."

"काय ठाव हाय?"

"मी चुलीपाशीच व्हते की. नऊ वर्साची व्हते. समदं ऐकलं मी." तिनं पदरानं नाक पुसलं. "मीच आदल्या रातीपास्नं रडत व्हते, मामाच्या लग्नाला जायाचं म्हनून. नवा परकर शिवला व्हता मला. मी रडले म्हनून तू त्यांच्या मागं लागलीस."

"तू कुटं रडलीस? तू गप व्हतीस."

"रडले. तू मला धपाटा घातलास आन् मग बाला बोललीस. तुला आठवत न्हाई. मला आठवतंय. मी आजवर कुनाला बोलले न्हाई. तुला वाटायचं आसरांनी नेलं, तर ऱ्हाऊ दे म्हनलं."

चिमाबाईंनी काठी भिंतीला टेकवली आणि लेकीचा दंड धरला. "याड लागलंय का तुला? नऊ वर्साचं लेकरू. लेकराला लग्नाला जावं वाटलं, त्यात लेकराचा काय गुन्हा?"

आणि मग त्या थांबल्या. आपणच काय बोललो ते ऐकू आल्यासारख्या.

सविता म्हणाली, "मग तुजा तरी काय गुन्हा? तुबी सत्तावीस वर्सांची व्हतीस."

चिमाबाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. पंचेचाळीस वर्षांचं असं एका वाक्यानं उतरत नाही, हे एवढं आता मलाही कळतं. दोघी विहिरीपुढच्या बाकावर बसल्या. पुन्हा दिवा सोडायला कोणी सांगितलं नाही. बऱ्याच वेळानं सवितानं डबा उघडला, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी, आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. प्रदीपलाही हाक मारून दिली. संग्रहालयात खायला बंदी आहे. चौघं तिथेच बसून जेवलो.

१४ डिसेंबर

रेकॉर्डिंग झालं. बापट सरांबद्दल सांगितलं, बर्फाच्या शेडबद्दल, आणि जानूभाऊंनी रेल्वेच्या जुन्या दिव्याच्या काचेतून पहिलं भिंग कसं घासून काढलं ते. बोलताना मजा आली. एकदा हसायला आलं तर हसत सुटले, प्रदीप म्हणाला ते ठेवणार.

कॅमेरा बंद झाल्यावर त्यानं विचारलं, "चिमाबाईंचं नाही सांगितलंत, मॅडम."

"ती माझी गोष्ट नाही," मी म्हणाले. "मी उगाच सांगत फिरले."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, विहीर पुढच्या आठवड्यात काढतील, तुम्ही येणार का बघायला? नको म्हणाले. जानूभाऊ हातांनी घासत होते त्या काचा, ते माझ्या डोळ्यांपुढे आहे. तेवढं पुरे.

२२ डिसेंबर

काल पवनानगरला गेले होते. काम काही नव्हतं. चिमाबाई उन्हात बसून पावटा सोलत होत्या, मला पाहून पाट सरकवला. मी सोलायला घेतला. माझ्याकडून दाणे सालासकट चिरडायला लागले.

"आसं न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. त्यांनी शेंग हातात घेऊन दाखवली, शिरेवर अंगठा ठेवून, एकदा, दोनदा. माझी तिसरी शेंग नीट उघडली.

"आता कसं," म्हणाल्या. मग त्यांच्या धोंडिबांना पावट्याची आमटी किती आवडायची ते सांगायला लागल्या. विहिरीचं नव्हे, आमटीचं. ते जेवताना कसे बोलायचे नाहीत, फक्त वाटी पुढे सरकवायचे. ऊन उतरेपर्यंत त्या सांगत होत्या. मी मधे काही बोलले नाही, एवढंच विचारलं, "आणि मग?"